देणे, दान आणि गोतावळा : कोल्हापूर परिसरातील दोन कादंबऱ्यांचा अर्थविचार

मराठीतील ‘भोगणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. माणूस ऐश्वर्य भोगतो आणि शिक्षाही भोगतो; सुखाचा ‘उपभोग’ घेतो आणि नशिबाचे ‘भोग’ चुकवू शकत नाही. एकाच ‘भुज्’ धातूपासून निघालेल्या या दोन अर्थांचा परस्परांशी काही संबंध असावा, ही जाणीव भाषेत मुरलेली होती असे म्हणावयास हरकत नाही. पुढे अर्थशास्त्राच्या परिभाषेने ‘उपभोग’ हा शब्द स्वीकारला तेव्हा त्यातील दुसरी बाजू गळून पडली. अतिउपभोगावर टीका करण्यासाठी नंतर जो शब्द रूढ झाला, तो ‘चंगळवाद’. हा शब्द वृत्तपत्री निषेधाला सोयीचा असला तरी समीक्षेला फारसा उपयोगी नाही. एक तर ‘चंगळ’ हा मुळात सणासुदीच्या, सुगीच्या दिवसांतील विपुलतेचा शब्द. वर्षभर हात आखडून राहणाऱ्या माणसाला चार दिवस मिळणारी ती मोकळीक होती. दुसरे असे की, चंगळवाद म्हटले की दोष व्यक्तीच्या हव्यासावर जातो आणि ज्या व्यवस्थेत तो हव्यास अपरिहार्य होतो ती व्यवस्था दृष्टीआड राहते. साहित्यकृतीने अतिउपभोगाला प्रश्न विचारला आहे किंवा काय, हे ठरविण्यासाठी तिच्यात लोभी पात्रांचा निषेध किती आहे हे मोजून भागत नाही. देणे-घेणे, वाटणे, साठविणे, परत करणे या क्रियांची कोणती रचना तिच्या भाषेत गृहीत धरलेली आहे, हे पाहावे लागते.

या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्यातील दोन लेखकांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. शिवाजी सावंत यांचा जन्म १९४० सालचा, आजऱ्याचा. आनंद यादव यांचा १९३५ सालचा, कागलचा. सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, यादवांची ‘गोतावळा’ १९७१ साली. चार वर्षांच्या अंतराने, एकाच जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या या दोन कृती एकमेकींपासून इतक्या दूर मानल्या गेल्या आहेत की त्यांची नावे एका वाक्यात क्वचितच येतात. एक पौराणिक, दुसरी ग्रामीण. एकीची भाषा संस्कृतप्रचुर, भरजरी, तर दुसरीची आरंभापासून शेवटपर्यंत बोलीतील. अभ्यासक्रमातील ‘प्रवाह’ या कल्पनेने हे अंतर आणखी पक्के केले आहे. परंतु दोन्ही कादंबऱ्या ज्या वर्षांत लिहिल्या गेल्या, त्या वर्षांत या जिल्ह्यात काय घडत होते हे लक्षात घेतले की हे अंतर थोडे कमी होते. १९५० नंतरच्या दोन दशकांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९६० नंतरच्या वर्षांत संकरित बियाणे, रासायनिक खते आणि ट्रॅक्टर शेतात उतरले. ज्या रानात धान्य, कडधान्य आणि वैरण निघत असे, त्यात ऊस उभा राहू लागला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने जमीन अडवून बसतो, पाणी भरपूर पितो आणि शेवटी रोख रकमेच्या रूपाने घरी येतो. घरात येणारी वस्तू धान्याऐवजी रक्कम असेल तर वाटण्याच्या, राखण्याच्या आणि उधार देण्याच्या सगळ्या पद्धती बदलतात. आजऱ्यासारख्या, सह्याद्रीच्या कुशीत हिरण्यकेशीच्या काठी भातावर जगणाऱ्या भागात हा बदल काहीसा उशिरा आला, पण आला. गवसे येथे तालुक्याचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला.

‘मृत्युंजय’चा नायक दानशूर कर्ण. सहा निवेदकांच्या आत्मकथनांतून उलगडणाऱ्या या कादंबरीने मराठी वाचकाच्या मनात कर्णाची जी मूर्ती घडविली, तिच्या केंद्रस्थानी देणारा हात आहे. हा हात कशाला नाही म्हणत नाही. कवचकुंडलेही उतरवून देतो. संचयाला सर्वस्वी नाकारणारा असा नायक, अतिउपभोगाच्या युगात आदर्श म्हणून पुढे करण्याचा मोह कोणालाही व्हावा. तो मोह टाळलेला बरा. कारण ‘दान’ या शब्दाची रचना एकेरी आहे. दाता वर, याचक खाली. वस्तू एका दिशेने जाते आणि उलट दिशेने येते ती कीर्ती. दान देण्यासाठी आधी दात्याजवळ काही असावे लागते. ते त्याच्याकडे कोठून आले हा प्रश्न दानाच्या कथेत विचारला जात नाही. राजाच्या भांडारातील सोने कोणाच्या घामाचे, याची चौकशी याचकही करीत नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भेट ही कधीच फुकट नसते, तिच्यात परतफेडीचे बंधन असते, असे प्रतिपादन केले. त्यात त्याने महाभारताचाही आधार घेतला. भारतीय दानधर्माने हे बंधन इहलोकातून उचलून परलोकात नेले, एवढाच फरक. याचक मुक्त झाला असे वाटते. प्रत्यक्षात हिशेब फक्त दुसऱ्या वहीत मांडला जातो.

सावंतांची भाषा या एकेरी रचनेला पोषक आहे. उपमांची रास, समासांची घनता, सूर्यप्रतिमेचा सततचा झोत यांमुळे देणारा इतका तेजस्वी दिसतो की घेणाऱ्याचा चेहराच दिसू नये. ही भाषा स्वतःही एक प्रकारचे दान करीत असते: वाचकावर शब्दांची उधळण करते आणि त्याच्याकडून विस्मयाखेरीज काही मागत नाही. या शैलीवर टीकाकारांनी अतिरेकाचा आक्षेप घेतला, तो निराधार नव्हे. तथापि कथानक शैलीपेक्षा शहाणे आहे. कर्णाचे अंगराज्य ही मुळात दुर्योधनाची देणगी होती. रंगभूमीवर अपमानित झालेल्या सूतपुत्राला एका क्षणात मिळालेले ते राज्य आयुष्यभर फिटले नाही. कर्णाच्या साऱ्या दानशूरतेच्या तळाशी एक न फिटणारे ऋण आहे. ज्याला घेतलेले परत करता येत नाही, तो सर्वांना देत सुटतो, अशीही या चरित्राची संगती लावता येईल. आणि शोकांतिका घडते ती देण्यामुळे घडत नाही, घेतल्यामुळे घडते.

येथे मराठी भाषा एक सूक्ष्म मदत करते. ‘दान’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द फक्त देणगीचा. परंतु त्याच ‘दा’ धातूचे मराठी रूप ‘देणे’ हे नाम म्हणून वापरले की त्याचा अर्थ कर्ज होतो. ‘त्याचे माझ्याकडे देणे आहे’ असे वाक्य ऐकून कोणी देणगीची अपेक्षा करीत नाही. देणाऱ्याने दिले ते आधी घेतलेल्याची परतफेड म्हणून, असा अर्थ व्यवहारातील मराठीने या नामात साठवून ठेवला आहे. कर्णाची कथा ‘दान’ या शब्दाने सांगितली तर स्तोत्र होते, ‘देणे’ या शब्दाने सांगितली तर कादंबरी होते. सावंतांनी बहुतेक पहिली वाट धरली. दुसरी त्यांच्या कथानकात गुपचूप चालत राहिली.

‘गोतावळा’त दानाला जागाच नाही, कारण निवेदकाजवळ देण्यासारखे काही नाही. नारबा हा शेतावर राबणारा गडी. त्याच्याजवळ जमीन नाही, घर म्हणावे असे घर नाही, संसार नाही. आहेत ती मालकाच्या रानातील जनावरे, पाखरे, झाडे. आणि तोच त्याचा गोतावळा. मालकाच्या शेतीत सुधारणा येते, ट्रॅक्टर येतो, जनावरांची गरज संपते, ती एकेक करून जातात आणि नारबाचे जग रिकामे होते. कथानक एवढेच. यापूर्वीच्या ग्रामीण कादंबरीत, अगदी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही (१९५५), निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली संवादापुरती अशी वाटणी होती. मास्तर पाहतो, धनगर बोलतात. यादवांनी ही वाटणी मोडली. नारबाचे पाहणे, आठवणे, कळवळणे, सगळे बोलीत. हा बदल वास्तवाच्या हुबेहूब चित्रणासाठी केला असे सामान्यतः सांगितले जाते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. ट्रॅक्टर येण्याने जे मोडते ते प्रमाण मराठीत सांगताच येत नाही. कारण प्रमाण मराठीत त्या गोष्टींना नाती नाहीत, फक्त नावे आहेत.

शीर्षकाचा शब्दच पाहावा. ‘गोतावळा’ म्हणजे सगेसोयरे, भाऊबंद यांचा समुदाय. ‘गोत’ हे ‘गोत्र’चे तद्भव रूप, आणि ‘गोत्र’ या शब्दाचा ऋग्वेदातील अर्थ गायींचा वाडा, गोठा असा आहे. कुळ, वंश हा अर्थ मागाहून आला: ज्यांची गुरे एका वाड्यात, ते एका गोत्राचे. नारबा जनावरांना गोतावळा म्हणतो तेव्हा शब्द जणू हजारो वर्षांची फेरी करून पुन्हा दावणीला येतो. यादवांना ही व्युत्पत्ती अभिप्रेत होती असे मानण्याचे कारण नाही, आणि व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगण्याचीही गरज नाही. परंतु याच कुळातील आणखी एक शब्द दुर्लक्षिण्यासारखा नाही. ‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. तिच्यापासून मराठीत ‘गोठा’ आला, आणि ‘गोष्ठी’ म्हणजे तेथे जमणारी मंडळी व त्यांचे बोलणे यावरून ‘गोष्ट’ आली. गोठा आणि गोष्ट यांचे मूळ एक. गुरे, कुळ आणि कथा ही एकाच आवारात नांदत होती, असे शब्दांची वंशावळ सांगते. नारबाचा गोठा रिकामा होतो तेव्हा त्याची गोष्टही संपते. कादंबरीला त्यापुढे चालता येत नाही.

नारबाच्या बोलीतील दुसरा विशेष सर्वनामांचा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे: ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’. या भागातील गडीमाणूस मालकाच्या रानाबद्दल सहज ‘आपलं रान’, ‘आपली बैलं’ असे बोलतो. सातबाऱ्याच्या उताऱ्याला हे सर्वनाम ठाऊक नाही. तेथे नाव एकाचे. नारबाच्या बोलण्यामागे जे अर्थशास्त्र आहे त्यात मालकी आणि आपलेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने वैरण घातली, पाणी दाखविले, आजारपणात रात्र काढली, त्याचा जनावरावर एक हक्क आहे, जो विकताही येत नाही आणि कागदावर मांडताही येत नाही. ट्रॅक्टर येतो तो या सर्वनामाच्या बाहेरून येतो. त्याला राखावे लागत नाही, तो दुखत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. त्याची ताकद मात्र ‘अश्वशक्ती’त मोजतात, हा भाषेचा एक विनोद.

या सर्वनामाला आधार देणारी एक शब्दसृष्टी होती आणि तिचा येथे थोडा तपशील देणे आवश्यक आहे. ‘इर्जीक’ म्हणजे गावातील औते एका दिवशी एकाच्या रानात जुंपून काम उरकणे, आणि त्याने सर्वांना जेवू घालणे. ‘पैरा’ म्हणजे आज माझी बैलजोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. ‘सावड’ हाही त्याच जातीचा शब्द. ‘वाकळ’ म्हणजे जुनी लुगडी-धोतरे एकावर एक घालून शिवलेले पांघरूण. वस्त्र फाटल्यावरही त्याचा उपयोग संपत नाही, त्याची फक्त जागा बदलते. ‘उकिरडा’ हा शब्द प्रमाण मराठीत घाणीचा वाचक झाला आहे; शेतकऱ्याच्या बोलीत तो खताचा साठा आहे आणि म्हणून घराच्या मत्तेत मोडतो. शेण रानात, रानातून वैरण गोठ्यात, गोठ्यातून पुन्हा शेण, असे हे चक्र आहे. ट्रॅक्टर या चक्रात बसत नाही. त्याला तेल लागते, ते गावाबाहेरून आणावे लागते; त्यासाठी रोकड लागते; रोकडीसाठी ऊस लागतो; आणि बैल गेल्यामुळे शेण नाही म्हणून खतही विकतच आणावे लागते. एक वस्तू येते आणि तिच्यामागून तिची सगळी भावंडे येतात. अतिउपभोग म्हणतात तो खेड्यात असा शिरला. कोणी चैन करावयास निघाले नव्हते. नारबाचा मालक लोभी खलपुरुष म्हणून उभा केलेला नाही, हे यादवांच्या कलेचे मोठे यश मानावे लागते. तो काळाप्रमाणे शहाणपणाने वागणारा शेतकरी आहे, आणि त्याच्या शहाणपणातच नारबाचा विनाश आहे.

जे. सी. कुमारप्पा यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत केलेल्या कार्यातून जो अर्थविचार मांडला, त्याच्या १९४५ सालच्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात क्षणिक आणि चिरस्थायी अशा दोन अर्थव्यवस्थांचा भेद केलेला आहे. साठा उपसून जगणारी ती पहिली, प्रवाहावर जगणारी ती दुसरी. ‘गोतावळा’ हे या विचाराचे कथारूप आहे असे म्हणणे सोपे आहे आणि काही अंशी खरेही. पण येथेच समीक्षेने सावध व्हावयास हवे. नारबाचे जग चिरस्थायी होते ते कोणासाठी? त्या चक्रातील प्रत्येक फेरा त्याच्या श्रमाने फिरत होता, आणि त्या श्रमाचा मोबदला त्याला एक घास आणि एक कोपरा एवढाच होता. त्याचे ‘आपले’ म्हणणे मालकाला परवडणारे होते, कारण त्यावर कधी वाटा मागितला गेला नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैल आणि नारबा एकाच हिशेबाने निरुपयोगी ठरतात. म्हणजे त्यापूर्वीही ते एकाच रकान्यात होते. जनावरांशी त्याचे सख्य हे जितके प्रेमाचे तितकेच समदुःखाचे. कादंबरीकडे हरवलेल्या निसर्गाचे विलापगीत म्हणून पाहणारे वाचन हा रकाना पाहत नाही आणि म्हणून तिला गोड करून टाकते. इर्जीक आणि पैरा हे शब्दही ज्यांच्याजवळ जोडी होती त्यांचे. ज्याच्याजवळ बैल नाही त्याने पैरा कोणाशी करावा? आणि बलुत्याच्या चक्रात ज्यांना मेलेले ढोर ओढावे लागे, त्यांच्या दृष्टीने त्या टिकाऊपणाचा अर्थ काय होता, हे दलित आत्मकथनांनी पुढे पुरेसे स्पष्ट केले.

यादवांनाही हे ठाऊक होते. ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत तेच रान, तीच जनावरे, तेच पाणी पाजणे आहे. परंतु तेथे निवेदक शाळेसाठी धडपडणारा मुलगा आहे आणि रान त्याला ओढून धरते. बापाच्या हातून मार खात मोट धरणाऱ्या मुलाला बैलांच्या डोळ्यांत गोतावळा दिसत नाही. दोन पुस्तके एकत्र वाचली तरच यादवांचे म्हणणे पूर्ण होते. ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ती सर्वत्र वाचली गेली, ‘गोतावळा’ अभ्यासक्रमात राहिली. परिणामी अनेक विद्यार्थी यादवांच्या मनातील हा वाद एकाच बाजूने ऐकतात.

तेव्हा दोन्ही कादंबऱ्यांचा हिशेब असा लागतो. ‘मृत्युंजय’मध्ये देणारा आहे, पण वाटा नाही. ‘गोतावळा’मध्ये वाटा बोलण्यात आहे, व्यवहारात नाही. अधिक टिकाऊ अर्थव्यवस्थेची कल्पना यांपैकी एकीतही पूर्ण नाही. तथापि दुसरीत तिचे व्याकरण तरी सापडते, आणि समीक्षेच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. दानाचा विस्तार करून वाट्याची व्यवस्था निर्माण होत नाही. ‘आपले’ या सर्वनामाला मात्र सातबाऱ्यात जागा करून देण्याचा प्रयत्न करता येतो. तसा प्रयत्न ज्या कादंबरीत होईल तिचे निवेदन कोणत्या बोलीत असेल, हा प्रश्न यादवांनी मागे ठेवला आहे. नारबाची बोली एकट्याची आहे, तिला उत्तर देणारे कोणी नाही. ‘आपण’ म्हणणाऱ्याला ‘आपण’ म्हणणारा दुसरा आवाज कादंबरीत येत नाही. एकनिवेदकी बोलीची ही मर्यादा आहे. उलट सहा निवेदकांची योजना सावंतांच्या हाती होती, आणि ती त्यांनी एकाच नायकाला सहा बाजूंनी उजळण्यासाठी खर्च केली.

याच जिल्ह्यातील कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेले गाव आणि मागे राहिलेली जनावरे हा तिचा विषय. यादवांच्या कादंबरीत जनावरे जातात आणि माणूस राहतो; येथे माणसे जातात. धरणाचे पाणी ज्या उसाला जाते, त्या उसाचे अर्थशास्त्र दोन्ही कादंबऱ्यांना जोडते, आणि या दिशेने तौलनिक अभ्यास होणे अगत्याचे आहे.

आजऱ्याच्या खोऱ्यात ‘घनसाळ’ नावाचे सुवासिक भात आहे. ‘साळ’ म्हणजे ‘शालि’, भाताचे जुने नाव. संकरित वाणांच्या मानाने त्याचे उत्पन्न कमी, म्हणून ते मागे पडले. पण गेले नाही, कारण काही घरांनी बी राखले. २०१६ साली ‘आजरा घनसाळ’ला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे नावाला कायद्याचे संरक्षण आणि बाजारात वेगळी किंमत. ज्या बियाण्याची आजवर शेजारीपाजारी देवघेव होत होती, ते आता मुद्रा उमटविलेल्या पिशवीतून मोठ्या शहरांत जाऊ शकते. या भाताविषयी बोलताना आजऱ्याचा शेतकरी ‘आमचं घनसाळ’ म्हणतो की ‘आपलं घनसाळ’, आणि कोणाशी बोलताना कोणते, याची नोंद क्षेत्रीय अभ्यासात काळजीपूर्वक घ्यावयास हवी.